लिफ्टवेअर स्टेडी चमचा: बाबांसाठी घेतला, कसा आहे ते सांगतो

हात थरथरणाऱ्यांना न सांडता खाता यावं म्हणून केलेला हा चमचा. बाबांना इसेन्शियल ट्रेमर (हात आपोआप थरथरण्याचा आजार) आहे, पार्किन्सन्स नाही. हे आधीच सांगतो कारण चमचा घ्यायचा की नाही ते बरंचसं यावरच ठरतं. पार्किन्सन्सचा कंप बहुतेक करून हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो, आणि इसेन्शियलवाल्यांचा हात काही करायला गेलं की थरथरतो, घास तोंडाजवळ आला की तर जास्तच. बाबांनी आमटी पिणं सोडलं होतं, पाहुणे आले की नंतर जेवतो म्हणायचे, ते बघवत नव्हतं.

चमच्याच्या दांड्यात हालचाल ओळखणारा मोशन सेन्सर, मोटर आणि चार्जिंगची बॅटरी, पुढे चमचा किंवा काटा बसवायचा. हात डावीकडे गेला की पुढचा भाग उजवीकडे जातो, वर गेला की खाली. मग मुद्दाम तोंडाकडे नेलेला हात पण तो उलटा ढकलत नाही का? नाही, कारण घास नेताना हात सावकाश जातो आणि कंप सेकंदाला 4 ते 12 वेळा होतो, या वेगावरूनच त्याला हवी ती हालचाल आणि नको ती वेगळी काढता येते. हात थरथरतच राहतो बरं का, चमचा मात्र बराच स्थिर! मिशिगन युनिव्हर्सिटीत 15 पेशंट्सवर छोटी टेस्ट झाली होती त्यात चमच्याचा कंप सरासरी 70 टक्क्यांच्या आसपास कमी झाला, आणि बाबांचं बघून मला ते पटतं.

डोळ्याच्या सर्जरीसाठी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत कॅमेरॉन रिव्हिएर यांच्या टीमने मायक्रॉन नावाचं हातात धरायचं अवजार केलंय, त्यातही हेच तत्त्व. निरोगी सर्जनचा हातसुद्धा बारीक हलतोच, आणि रेटिनावरच्या (डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या) कितीतरी शिरा 100 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा बारीक. तिथे नुसत्या अ‍ॅक्सेलरोमीटरवर (वेग कसा बदलतो ते मोजणाऱ्या सेन्सरवर) भागत नाही, त्याच्या रीडिंगवरून जागा काढायला गेलं की छोटी छोटी चूक साठत जाते, म्हणून त्यांनी अवजारावर एलईडी लावून बाहेरून ट्रॅकिंग केलं. चमच्याला एवढं लागत नाही, तोंड काही शिरेएवढं बारीक नसतं.

आपल्या जेवणात म्हणाल तर साबुदाण्याची खिचडी, शिरा, दहीभात एकदम मस्त. आमटी-कढी चमचा अर्धाच भरून. पोळी तोडायला अर्थातच उपयोग नाही, ती आई तुकडे करून देते आणि बाबा काट्याने भाजीबरोबर घेतात.

स्वस्त नाहीये, पण आमच्या घरी पैसे वसूल. कंप फार मोठा असेल, हात लांब लांब फेकला जात असेल तर मोटर पुरी पडणार नाही, कारण पुढचा भाग थोडाच हलू शकतो. आणि प्रॉब्लेम कंपाचा नसून मनगट वळवता न येण्याचा असेल तर हा घेऊच नका, त्यासाठी लिफ्टवेअरचंच लेव्हल नावाचं वेगळं मॉडेल आलं होतं. आधी न्यूरोलॉजिस्टना विचारा नेमका कंप कुठला आहे ते, मगच ऑर्डर करा.