भाताचा डोंगर की उसळीची वाटी?

सासऱ्यांची साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, भात-चपाती कमी करा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनाही तेच सांगतात: धान्यातून ४५ टक्क्यांपर्यंतच ऊर्जा घ्या. सल्ला पटतो. पण सरकारच रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो फुकट देतं ते धान्य. डाळ आमची आम्ही आणायची. ही विसंगती मला खरंच टोचते.

भाताने पोट भरतं, पैसे वाचतात. पण १०० ग्रॅम कच्च्या तांदळात प्रथिनं जेमतेम ७-८ ग्रॅम, तूरडाळीत २० च्या वर. ठाण्यात जांभळी नाक्यावर किलोभर तूरडाळीच्या पैशात साधा तांदूळ दोन किलो येतो, मग हात आखडतोच.

म्हणून मी मटकीकडे वळले. सकाळी भिजवायची, रात्री निथळून पंच्यात घट्ट बांधायची. दुसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं की पांढरे मोड कापडातून डोकावतात. वाटीच्या दोन-अडीच वाट्या होतात. (वाढतं ते पाण्याने, प्रथिनं तेवढीच, हे लक्षात ठेवा.)

माझा कौल उसळीलाच. सासऱ्यांच्या ताटात आता भाताची एकच मूद असते, तीही उसळ संपल्यावर.