आयसीएल ७६६० : सात महिने वापरून झाल्यावर

हेडफोनच्या छोट्या प्रीअँपमध्ये ऑप-अँपला (सिग्नल वाढवणारी चिप) प्लस-मायनस ५ व्होल्ट पाहिजे होते आणि हाताशी फक्त ५ व्होल्टचा चार्जर, म्हणून प्लस ५ पासून मायनस ५ करून देणारी ही आठ पायांची आयसी घेतली. कॉइल नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, बाहेरून १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर लावले की झालं. आतले स्विच आधी पहिला कपॅसिटर सप्लायवर भरून घेतात, मग त्याचं प्लस टोक ग्राउंडला टेकवतात, म्हणजे मायनस टोक आपोआप ग्राउंडच्या ५ व्होल्ट खाली जातं आणि तो चार्ज दुसऱ्या कपॅसिटरमध्ये ओततात. रहाटगाडगंच म्हणा ना.

पहिल्या दिवशी मीटरवर मायनस ४.९९, मी खूश. मग १० मिलिअँप लोड टाकला तर ४.४५, २० ला ३.९ च्या आसपास, मला वाटलं माल डुप्लिकेट आला, दुसरी आणली तर तीही तश्शीच. शेवटी डेटाशीट नीट वाचली (आधी वाचायची असते, माहितीये), आउटपुट रेझिस्टन्सच (आयसीचा स्वतःचा आतला अडथळा) ५५ ओहमच्या घरात दिलाय, १० मिलिअँपला अर्धा व्होल्ट पडणारच की! रेग्युलेशन (लोड बदलला तरी व्होल्टेज स्थिर ठेवणं) वगैरे काही नाही यात, त्यामुळे १०-१५ मिलिअँपच्या वर मागायचंच नाही असं ठरवलं.

मधे जागा वाचवायला बारके सिरॅमिक कपॅसिटर लावले तर व्होल्टेज अजूनच बसलं. त्यांच्यावर डीसी आला की १० मायक्रोफॅरडचे १० राहत नाहीत, इलेक्ट्रोलिटिक परत लावले, गप्प.

खरा वैताग शिट्टीचा. स्विचना ताल देणारा आतला ऑसिलेटर १० किलोहर्ट्झचा पण आत त्याचे दोन भाग होतात, म्हणजे चार्ज भरण्या-ओतण्याचा पंप चालतो ५ वर, आणि ते रात्री हेडफोनमध्ये बारीक सुईसारखं कानात टोचतं. पायांची रचना तीच असलेली मॅक्स १०४४ ही दुसरी आयसी बसवली, पाय १ आणि ८ जोडले की फ्रिक्वेन्सी साधारण सहापट होते, कानाच्या पलीकडे. शिट्टी गायब.

एक जाळली पण. जुना ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर जोडला, लोड नसताना तो १३ देतो हे नंतर मोजलं, आणि हिची मर्यादा १० ची. फट् पण झालं नाही, नुसता वास आला.