ताळा जमला, कान हरला

सहकारी बँकांच्या ऑडिटमध्ये तीस वर्षं काढली. त्यामुळे कुणी ‘लॉसलेस’, म्हणजे काहीही न गमावणारं, म्हटलं की मी आधी ताळा मागतो. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, ब्लू-रे डिस्कवरचे हे दोन फॉरमॅट सांगतात की स्टुडिओतून जो आवाज डिस्कवर चढवायला आला, तोच बिटला बिट जुळवून तुमच्या घरी उतरेल. डोंबिवलीतल्या माझ्या अकरा बाय चौदाच्या हॉलमध्ये पाच स्पीकर आणि खर्जासाठीच्या एका सबवूफरवर दोन वर्षं हे ऐकतोय.

त्यातलं पहिलं वर्ष फुकट गेलं, ते आधी सांगतो. सेट बसवायला आलेल्या माणसाने प्लेअरची एचडीएमआय टीव्हीला जोडली आणि स्पीकर चालवणाऱ्या ॲम्पला ऑप्टिकल वायर. ऑप्टिकलमधून लॉसलेस सराउंड जातच नाही. डीटीएस-एचडीच्या पोटात जुन्या ॲम्पसाठी साधं डीटीएस ठेवलेलं असतं, तेवढंच बाहेर येतं. मी मात्र पाहुण्यांना वर्षभर ‘बघा, लॉसलेस’ म्हणून ऐकवत होतो! ॲम्पच्या डिस्प्लेवर नुसतं ‘डीटीएस’ लिहिलेलं असायचं, पुढे ‘एचडी’ नाही, हे एका भाच्याने दाखवलं. ऑडिटरच्या घरी ही चूक.

ॲम्पला ऑप्टिकलऐवजी एचडीएमआय जोडली, तरी डिस्प्ले ढिम्म. शेवटी प्लेअरच्या मेनूत सापडलं: सेकंडरी ऑडिओ चालू होता. मेनूची बटणं दाबताना येणारा टिक-टिक आवाज सिनेमाच्या आवाजात मिसळायचा म्हणून प्लेअर सगळंच उलगडून पुन्हा साध्या डीटीएसमध्ये बांधत होता. एका टिकटिकीसाठी! ते बंद करून बिटस्ट्रीम केलं, म्हणजे डिस्कवरचा आवाज न उलगडता जसाच्या तसा ॲम्पकडे, आणि ‘डीटीएस-एचडी एमएसटीआर’ अशी अक्षरं उमटली.

आता हिशेब. ५.१ म्हणजे सबवूफरसह सहा चॅनल, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे प्रत्येकात सेकंदाला ४८ हजार नमुने, दर नमुना २४ बिट. गुणाकार केला की सेकंदाला ६९ लाख १२ हजार बिट होतात. डीव्हीडीवरचं डॉल्बी डिजिटल जास्तीत जास्त ४ लाख ४८ हजारांत हे बसवायचं, म्हणजे पंधराव्या हिश्शात. त्यासाठी बरंच काही कायमचं टाकून द्यायचं. लॉसलेसमध्ये टाकत काही नाहीत, घडी घालतात. शांत प्रसंगाची घडी लहान, हाणामारीची मोठी. डीटीएस-एचडीची कमाल मर्यादा सेकंदाला २४.५ मेगाबिट, ट्रूएचडीची १८, म्हणून डीटीएस सरस असं छातीठोक सांगणारे भेटतात. पिशवी मोठी नेली म्हणून दोन किलो साखरेची अडीच किलो होत नाही.

पण मलाही डीटीएसच भारी वाटायचं, हे कबूल. म्हणून जर्मनीहून येणाऱ्या मेहुण्याकडून एक म्युझिक ब्लू-रे मागवली. तिच्यावर एकच रेकॉर्डिंग तीन प्रकारे आहे: उघडं पीसीएम (म्हणजे घडीच न घातलेला आवाज), डीटीएस-एचडी आणि ट्रूएचडी. मी स्क्रीनकडे पाठ करून बसलो, मुलगा रिमोटवर, बायको वहीत टिपणार. पीसीएम की डीटीएस, हे वीसदा विचारलं. माझे अकरा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते. ट्रूएचडी मात्र दहापैकी नऊदा ओळखलं, आणि मी कॉलर ताठ केली.

“बाबा, ते ट्रूएचडी लावलं की दर वेळी ॲम्पवर ‘उणे ४ डेसिबल’ असं काहीतरी येतं,” मुलगा म्हणाला.

ते डायलॉग नॉर्मलायझेशन. वेगवेगळ्या डिस्कवरचे संवाद साधारण एकाच पातळीवर यावेत म्हणून डॉल्बीच्या फाइलमध्ये एक आकडा लिहिलेला असतो, त्यानुसार ॲम्प सगळे चॅनल सारखेच खाली आणतो. नाजूक-मोठ्याचं आपसातलं प्रमाण तेच राहतं. कानाला मात्र जरा मोठं ते जास्त चांगलं वाटतं. आवाज चार डेसिबलने चढवून पुन्हा बसलो. दहापैकी पाच. बायकोने वही मिटली आणि चहा टाकायला गेली.

तेव्हा फॉरमॅटला माझ्याकडून पैकीच्या पैकी, दोघांनाही. डिस्क घेताना डब्यावर कुठला शिक्का आहे हे मी आता बघत नाही. ओटीटीवरचं ॲटमॉस, म्हणजे डॉल्बीचा डोक्यावरूनही येणारा आवाज, वेगळं, ते डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं आणि ते लॉसलेस नाही. तेही वाईट नाही म्हणा, सोफ्यावर लोळून बघायला पुरतं.

माझ्या हॉलमध्ये कानाला खरोखर फरक पडला तो सबवूफर कोपऱ्यातून तीन फूट पुढे ओढल्यावर. घुमणारा ढमढमाट गेला, तबल्याच्या बायाँची मींड ऐकू यायला लागली. खर्च शून्य. वरच्या मजल्यावरच्या काकूही हल्ली फोन करत नाहीत.

ऑप्टिकल वायर टीव्हीमागे गुंडाळून ठेवली आहे. कुणाला हवी असेल तर घेऊन जा.