'जपानी ब्लू होस्टा'चे 3,244 रुपये आणि फ्रिजची ती चिठ्ठी

सोशल मीडियावरच्या एका पानावरून होस्टाचे, म्हणजे देखण्या पानांसाठी लावतात त्या शोभेच्या झाडाचे, 5 कंद मागवले. नगाला 449, म्हणजे 2,245 रुपये. कुरिअर 149. पार्सल निघाल्यावर 'इम्पोर्ट क्लिअरन्स'च्या नावाखाली आणखी 850. एकूण 3,244 रुपये, सगळे यूपीआयने, कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यात. पुढचा प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे: आधी गोड बोलणं, मग 'उद्या बघतो', मग ब्लॉक. तो उगाळत नाही. सांगायचंय ते पार्सलमधल्या चिठ्ठीबद्दल.

चिठ्ठीत छापलं होतं: कंद ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) गुंडाळून 40 दिवस फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर गॅरंटी नाही. आता यावर संशय कसा घ्यायचा? होस्टा मूळचा जपान, कोरिया, चीनकडचा. थंडी पडली की पानं पिवळी होऊन झडतात, जमिनीखालचा गड्डा झोपी जातो, आणि 4-5 अंशांच्या खालची थंडी काही आठवडे मिळाल्याशिवाय पुढच्या मोसमात धड फुटत नाही. ठाण्यात जानेवारीच्या पहाटेही तेवढी थंडी पडत नाही. म्हणून उष्ण भागातले हौशी लोक झोपलेला गड्डा खरोखरच फ्रिजमध्ये ठेवतात. म्हणजे ज्याला होस्टाची थोडीफार माहिती आहे, तोच या चिठ्ठीला फसणार!

आणि मेख बघा. माल बदलून द्यायची मुदत 7 दिवस, कंद फ्रिजमध्ये 40 दिवस. आलेले कंद होते कॅलेडियमचे. ते उष्ण प्रदेशातलं झाड, फ्रिजची थंडी लागली की कंद आतून मऊ पडतो आणि सडतो. म्हणजे मुदतही संपते आणि पुरावाही आपल्याच हातून कुजतो. एक कंद डब्यात मावला नाही म्हणून बाहेर राहिला, तेवढा फुटला. देठ पानाच्या मागच्या बाजूला, कडेपासून आत जोडलेला, आणि पान तोडलं की चीक बोटांना खाजणारा. अळूचंच गोत. होस्टाचा देठ पानाच्या बुडातून निघतो, त्याला पन्हळीसारखी खाच असते, आणि शिरा बुडापासून टोकापर्यंत कमानीसारख्या जातात.

खरं तर खोकं उघडलं तेव्हाच कळायला हवं होतं. होस्टाला गोल कंद नसतोच. आखूड गड्डा, त्याला जाड पांढरट मुळ्यांचा झुपका, वर टोकदार डोळे. खोक्यातून निघाले ते लिंबाएवढे, तपकिरी, मुळांचा पत्ता नसलेले गोळे. घरात अळकुड्या सोलणाऱ्या कुणालाही शंका आली असती. पण चिठ्ठीतलं शास्त्र बरोबर होतं ना!

निळ्या रंगाचंही तेच. 'ब्लू' होस्टाचं पान हिरवंच असतं, त्यावर मेणाचा पातळ थर असतो म्हणून निळसर राखाडी दिसतं. अंगठ्याने चोळा, खाली हिरवं निघतं. कडक उन्हात तो थर आपोआप जातो. शाईसारखं निळं किंवा टोमॅटोसारखं लाल पान दाखवलं असेल तर फोटो रंगवलेला आहे. लाली असते ती देठाला. 'ब्लू होस्टाच्या बिया' 99 रुपयांना विकणारेही आहेत. ठरावीक जातीचा होस्टा बियांपासून तसाच येत नाही, गड्डा फोडून किंवा टिश्यू कल्चरनेच वाढवावा लागतो.

'ठाण्यात बारमाही, बाल्कनीच्या उन्हात' असं लिहिणारा विक्रेता तिथेच सोडा. खरा होस्टा आणला तरी पहिल्या मोसमात साठवलेल्या जोरावर फुटतो, पुढच्या खेपेला पानं लहान, मग आणखी लहान. मे महिन्यात कडा करपतात. पावसाळ्यात कुंडीत पाणी तुंबलं की गड्डा सडून घाण वास येतो, आणि उरलंसुरलं गोगलगायी खातात. तरीही हौस असेल तर झोपेतला, मुळं-डोळ्यांचा गड्डाच घ्या. फ्रिजमध्ये 2 ते 4 अंश, फ्रीजरमध्ये नाही, सफरचंद-केळ्यांपासून लांब, 8 ते 10 आठवडे. लावताना डोळे मातीच्या पातळीला, कुंडी सावलीत, तळाला निचरा.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." एका मालाचे पैसे घेऊन दुसराच माल देणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 मग कशासाठी आहे? दुसऱ्या टेबलावर "बत्तीसशे रुपयांसाठी कशाला हेलपाटे?" तिसऱ्यावर पुरावा मागितला. सडलेले कंद डब्यात घालून नेले, तर साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "हे आधी बाहेर ठेवा." पुरावा बाहेर, तक्रारदारही बाहेर. त्या 850 रुपयांबद्दल कुणी अवाक्षर विचारलं नाही. परदेशातून रोपं आणायची तर 2003 च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी (रोपाला रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं. 'क्लिअरन्स' मागणाऱ्याकडे आधी त्याची प्रत मागा, पैसे नंतर.

पैसे गेल्याचं लक्षात आलं की त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेलाही कळवा. ग्राहक आयोगात 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही. आणि पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, एक कंद मधोमध कापून त्याचाही फोटो ठेवा, मगच काय ते फ्रिजचं बघा.