बाबांचं ऑपरेशन, 'रोबोटिक' पॅकेज आणि कुर्ल्या

आधीच सांगते, दोन्ही हॉस्पिटलांची नावं लिहिणार नाहीये. एकाच्या तक्रारी आहेत आणि दुसऱ्याचं नाव घेतलं तर जाहिरात वाटेल. रिव्ह्यू ट्रीटमेंटचा आहे असं समजा.

बाबा 69 वर्षांचे, मूळचे मालवणचे, आता डोंबिवलीत. अॅसिडिटी म्हणजे घरातला जुना भाडेकरू, इनो प्यायचं आणि गप्प बसायचं. हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून फॅमिली डॉक्टरांनी एन्डोस्कोपी करायला लावली आणि जठराच्या खालच्या बाजूला 18 मिमीचा चपटा, लालसर पॅच दिसला, बायोप्सीत कॅन्सर. "अर्ली आहे", डॉक्टर म्हणाले आणि आम्ही घरी येईपर्यंत रिक्षात तो एकच शब्द धरून बसलो.

मग पहिलं हॉस्पिटल. मोठं, चकचकीत, लॉबीत स्क्रीनवर रोबोटचे हात द्राक्षाची साल शिवतायत असा व्हिडिओ लूपवर. डॉक्टरांच्या आधी पॅकेजवाली कोऑर्डिनेटर भेटली. "काका, टेन्शन नाही घ्यायचं, रोबोटिक आहे, लेटेस्ट आहे." बाबांनी विचारलं, "आणि डॉक्टर खंय असतलो?" ती हसली फक्त. मी फाईल वाचली तेव्हा कळलं की हे रोबोटिक गॅस्ट्रेक्टॉमी आहे, म्हणजे पोटाला भोकं पाडून जठराचा भाग कापून काढणार. रोबोट खरा होता, लागतोही अनेकांना, पण 18 मिमीच्या वरवरच्या पॅचसाठी जठर का कापायचं आणि दुसरा काही रस्ता आहे का, हे पूर्ण भेटीत कोणी बोललं नाही. याचा राग अजून गेलेला नाही माझा.

माझा आतेभाऊ लॅबमध्ये आहे, तो म्हणाला ताई, आधी पोटाच्या आतून काढणारा डॉक्टर गाठ. दुसऱ्या हॉस्पिटलात गॅस्ट्रोच्या सरांनी बाबांची पुन्हा एन्डोस्कोपी केली, निळा रंग फवारला आणि पॅचची कड कुठे संपते ते आम्हाला स्क्रीनवर बोटाने दाखवलं. सीटी क्लिअर होता, गाठी नव्हत्या. म्हणाले कॅन्सर आतल्या पातळ अस्तरातच असावा असं दिसतंय, मग बाहेरून पोट उघडायचं कारण नाही, तोंडातून स्कोप घालून तो थर सोलून काढू. त्याला ईएसडी म्हणतात, एन्डोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन. जपानमध्ये 1990 च्या दशकाच्या शेवटी रुळलं, कारण तिथे जठराचा कॅन्सर खूप आणि तपासण्याही खूप, त्यामुळे लवकर सापडतो. आपल्याकडे बहुतेकांचा सापडतो तेव्हा उशीर झालेला असतो, बाबांचं हिमोग्लोबिन कमी आलं हे आमचं नशीबच.

प्रोसिजर पूर्ण भूल देऊन झाली, अडीच तास. सर आधीच समजावून म्हणाले होते की कडेने ठिपके मारायचे, अस्तराखाली पाणी टोचून फुगवटा करायचा, मग गोल कापून बारीक चाकूने थर सुटा करायचा. मी विचारलं यातही रोबोट असतो का. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं.

स्कोपमधून चाकू येतो तो एकच हात. म्हणजे बटाटा सोलताय, पण साल उचलून धरायला दुसरा हात नाही, साल परत खाली पडते आणि चाकू नेमका कुठे चाललाय ते दिसत नाही. म्हणून डॉक्टर लोक जुगाड करतात, त्या थराला क्लिप लावतात, क्लिपला दात साफ करायचा फ्लॉस बांधतात आणि दोरा तोंडातून बाहेर काढून हळूच ओढतात! मी म्हटलं सर थट्टा करताय का, तर नाही, खरंच करतात. रोबोटचा उपयोग नेमका इथे आहे. स्कोपच्या टोकाला दोन छोटे हात, एक पकडतो, एक कापतो, एक डॉक्टर कन्सोलवर बसून ते हात चालवतो आणि दुसरा स्कोप धरतो. सिंगापूरच्या लोकांनी असा रोबोट बनवला, मास्टर नावाचा, आणि 2011 मध्ये अर्ली जठराच्या गाठींसाठी तो पहिल्यांदा माणसांवर वापरला. हैदराबाद आणि हाँगकाँगला मिळून 5 पेशंट, आपल्या हैदराबादच्या पोटविकारतज्ज्ञ डॉ. नागेश्वर रेड्डींची टीम होती त्यात. थर सोलायला सरासरी 18.6 मिनिटं लागली.

आणि याची कल्पना म्हणे सिंगापूरला चिली क्रॅब खाताना सुचली, खेकड्याच्या नांग्या बघून. कर्करोगाच्या नावातच खेकडा, आणि तो काढायला पण खेकडाच! बाबांना रात्री सांगितलं तर म्हणाले, "मगे माका कुर्ल्यो कधी मिळतले ता इचार." कुर्ल्या म्हणजे आमच्याकडचे खेकडे.

मग सर म्हणाले तुमच्या बाबांना रोबोट लागणार नाही, पॅच छोटा आहे, जागा सोपी आहे, आणि असे रोबोट रोजच्या कामाला आपल्याकडे सहज मिळत नाहीत. मला हे आवडलं. नाही म्हणणारा डॉक्टर म्हणजे अर्धे मार्क तिथेच.

ऑपरेशननंतर सरांनी बाहेर बोलावून तो तुकडा दाखवला. थर्मोकोलच्या पट्टीवर ताणून कडेने टाचण्या टोचलेल्या, जवळपास 4 सेंटीमीटर, गुलाबी, मध्ये फिकट डाग. आई बघून म्हणाली, "एवढंसं?" बाबा दुसऱ्या दिवशी तोच फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकून मोकळे.

आता तक्रारी. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायला नऊ दिवस, आणि हे नऊ दिवस सगळ्यात वाईट, कारण तो तुकडा कापून बघितल्यावरच कळतं की कडा स्वच्छ आहेत का आणि मुळं किती खोल गेलीत. जठरात अस्तराखाली अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त खोल गेलं असेल किंवा रक्तवाहिन्यांत शिरलं असेल तर मग पुढे सर्जरी करावी लागू शकते. हे आधी सांगितलेलं होतं, तरी फोन करून विचारलं की "मॅडम, रिपोर्ट झाला की कळवू" एवढंच उत्तर. शेवटी कडा क्लीन आल्या. नर्स मात्र फार चांगल्या, "काका, डाव्या कुशीवर व्हा, मी धरते" अशा गोड बोलायच्या.

दुसरी तक्रार इन्शुरन्सची, याला हॉस्पिटल काय करणार. डेस्कवरच्या मुलाला ईएसडी सापडेना, त्याने एन्डोस्कोपी म्हणून टाकलं, कंपनीने परत पाठवलं, डॉक्टरांचं पत्र जोडल्यावर पास झालं. आणि कोणाचं खरंच रोबोटिक काही ठरत असेल तर पॉलिसी काढून वाचा, आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, 2019 च्या नियमांनी रोबोटिक सर्जरी कव्हर करणं कंपन्यांना बंधनकारक केलं, पण त्यावर वेगळी मर्यादा घालायची मुभा पण दिली, आणि ती मर्यादा बारीक अक्षरात असते.

घरी पहिले काही दिवस पेज, मऊ भात, आणि अॅसिडची गोळी 8 आठवडे, कारण आत जखम म्हणजे मोठा अल्सरच असतो. एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची टेस्ट पॉझिटिव्ह आली, त्याचे 14 दिवसांचे अँटिबायोटिक बाबांनी शिव्या देत घेतले, तोंडाला कडू चव येते. ते घेतलंच पाहिजे, नाहीतर जठरात दुसरीकडे नवीन पॅच यायचा धोका जास्त. पुढची एन्डोस्कोपी तर चुकणारच नाही, वर्षानुवर्षं.

ट्रीटमेंटला पाचपैकी साडेचार, रिपोर्टच्या उत्तरांना दोन, पहिल्या हॉस्पिटलच्या लॉबीला फक्त व्हिडिओसाठी एक.

आठ आठवडे संपले त्या रविवारी कुर्ल्या आणल्या, तिखट कमी टाकून. बाबांनी पहिली नांगी दातांनी नाही, अडकित्त्याने फोडली आणि आत मांस कसं बसलंय ते दिव्याखाली धरून पाच मिनिटं बघत बसले, आई ओरडेपर्यंत.