पलंगाशेजारी दिसणारे फुप्फुस : पल्मोव्हिस्टा ५०० यंत्राविषयी

व्हेंटिलेटरच्या पडद्यावरचे आकडे दोन्ही फुप्फुसांची मिळून बेरीज सांगतात. त्या बेरजेत कोणत्या भागाचा वाटा किती, हे त्यांतून कळत नाही. एआरडीएसच्या, म्हणजे दोन्ही फुप्फुसांना सूज येऊन रक्तातला प्राणवायू एकाएकी घसरणाऱ्या गंभीर आजाराच्या, रुग्णात मात्र सगळा प्रश्न त्या वाट्याचाच असतो, कारण उताण्या निजलेल्या रुग्णाच्या फुप्फुसाचा पाठीकडचा भाग सूज आणि भार यांमुळे मिटलेला असतो आणि यंत्राने ढकललेली जवळजवळ सगळी हवा वरच्या, उघड्या उरलेल्या भागाला सोसावी लागते. इटालियन अतिदक्षतातज्ज्ञ लुचियानो गाटिनोनी यांनी सीटी स्कॅनच्या अभ्यासातून याच उरलेल्या भागाला ‘बेबी लंग’ (बाळाएवढे फुप्फुस) हे नाव दिले.

ड्रेगर कंपनीचे पल्मोव्हिस्टा ५०० हे यंत्र हा वाटा पलंगाशेजारीच, श्वासागणिक दाखवते. १६ इलेक्ट्रोडांचा पट्टा रुग्णाच्या छातीभोवती बांधला जातो, त्यातून रुग्णाला जाणवणारही नाही इतका सौम्य विद्युतप्रवाह सोडला जातो आणि हवा भरलेला भाग त्या प्रवाहाला अधिक विरोध करतो या साध्या तत्त्वावर सेकंदाला ५० पर्यंत प्रतिमा तयार होतात. या तंत्राला इलेक्ट्रिकल इम्पीडन्स टोमोग्राफी, थोडक्यात ईआयटी म्हणतात. त्यात क्ष-किरण नाहीत, आणि अस्थिर रुग्णाला नळ्या-पंपांसह सीटी विभागापर्यंत नेण्याची जोखीमही टळते, जी आम्हा अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांना फार मोठी वाटते.

त्याचा खरा उपयोग पीईईपी, म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटी फुप्फुसात राखायचा दाब, ठरवताना होतो. हा दाब आधी वाढवून मग पायरीपायरीने उतरवत नेला, की प्रत्येक पायरीवर किती भाग अतिताणलेला आहे आणि किती भाग मिटत चालला आहे, याचा अंदाज बांधता येतो. अतिताण आणि मिटणे या दोहोंचे प्रमाण जिथे सर्वांत कमी, तिथे दाब स्थिर करावा. रुग्णाला पालथे झोपवल्यावर पाठीकडचा काळा पडलेला भाग पुन्हा हवा घेऊ लागताना पडद्यावर दिसतो, तेव्हा कुशीवर आणि पालथे करण्यासाठी राबणाऱ्या परिचारिकांनाही आपल्या कष्टाचे फळ डोळ्यांनी पाहता येते. मला या यंत्रातले हे सर्वाधिक मोलाचे वाटते.

मात्र चित्र हाती आले म्हणून निर्णय आपोआप बरोबर येत नाही. फ्रान्समधील २० अतिदक्षता विभागांत झालेल्या ‘लाइव्ह’ चाचणीत (२०१९) छातीच्या क्ष-किरण चित्रावरून किंवा सीटीवरून फुप्फुसाचा प्रकार (बिघाड ठराविक भागापुरता की सर्वत्र पसरलेला) ठरवून व्हेंटिलेटरची मांडणी केली गेली. एकूण मृत्युदरात लक्षणीय फरक पडला नाही, आणि सुमारे २१ टक्के रुग्णांचा प्रकारच चुकीचा ओळखला गेला होता. चुकीच्या गटात गेलेल्यांचे मृत्यू अधिक होते. ती चाचणी ईआयटीची नव्हती, तरी चित्राचे वाचन चुकण्याची किंमत तिने स्पष्ट दाखवली.

ईआयटीच्या स्वतःच्या मर्यादाही आहेत. पट्ट्याच्या पातळीवरचा फुप्फुसाचा एकच आडवा छेद दिसतो, तोही पुसट. त्याच्या वरचे-खालचे फुप्फुस दिसत नाही. पट्टा पोटाकडे सरकला, तर मध्यपटल चित्रात शिरून दिशाभूल होते, म्हणून तो चौथ्या-पाचव्या बरगडीच्या फटीच्या पातळीवरच हवा. पेसमेकर असलेल्या रुग्णावर हे यंत्र वापरायचे नसते आणि छातीवरच्या मोठ्या जखमांवर पट्टा बसत नाही. आजाराचे कारण शोधण्यासाठी सीटीच लागतो.

ज्या रुग्णालयात एआरडीएसचे रुग्ण अधूनमधूनच येतात, तिथे आधी फुप्फुसांची सोनोग्राफी नीट शिकून घेणे अधिक शहाणपणाचे, कारण तिचे यंत्र बहुतेक ठिकाणी आधीच असते. अशा रुग्णांचा सतत राबता असलेल्या मोठ्या विभागाने हे यंत्र जरूर घ्यावे, परंतु खरेदीबरोबरच प्रत्येक पाळीत चित्र वाचता येणारी किमान एक व्यक्ती तयार करावी आणि पट्ट्याची जागा छातीवर पेनाने आखून ठेवावी, म्हणजे सकाळचे आणि रात्रीचे चित्र एकाच पातळीवरचे राहील.