नऊ मिनिटांत घेतलेली सही

बाबांना जिना चढताना छातीत भरून यायचं, थांबलं की बरं वाटायचं. दोन वर्षं हे चाललं होतं. वाढलं नव्हतं, पण गोळ्याही कधी धड सुरू झाल्या नव्हत्या. नुसती अँजिओग्राफी करून बघू, असं ठरवून त्यांना दाखल केलं.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी मला कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीच्या, काचेपाशी बोलावलं. पडद्यावर काळ्या दोऱ्यांसारख्या रक्तवाहिन्या हलत होत्या. एका जागी बोट ठेवून म्हणाले, "हे नव्वद टक्के, आणि इथेही तसंच. कधीही अटॅक येईल. टेबलवर आहेतच, आत्ताच उरकून टाकू. पुन्हा सुई कशाला टोचायची?" त्या दोऱ्यांतलं मला काय कळणार! मी भावाला फोन लावत होतो, तोवर सिस्टरनं पॅड पुढे केलं. फुल्या मारलेल्या दोन ठिकाणी सह्या केल्या. वेळेचा रकाना कोराच राहिला.

दोन स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या, बसले. डॉक्टरांच्या पाया पडायचंच काय ते आम्ही बाकी ठेवलं होतं.

चार महिन्यांनी बाबांची दाढ दुखायला लागली. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू म्हणून दंतवैद्यानं हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र मागितलं. आमचे डॉक्टर भेटेनात, म्हणून दुसऱ्यांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट न वाचताच बाजूला सरकवला. म्हणाले, "सीडी आणा."

अँजिओग्राफीच्या चित्रांची सीडी! रेकॉर्डचा माणूस रजेवर, मग सिस्टम बंद, मग "रिपोर्ट दिलाय की." शेवटी लेखी अर्ज दिला आणि त्यावर शिक्क्यासह पोच घेतली, तेव्हा कुठे मिळाली. तोंडी मागत बसलो असतो तर आजही खेपाच घालत असतो.

या दुसऱ्या डॉक्टरांनी ती तीनदा मागेपुढे करून पाहिली. एक अडथळा पन्नासच्या आसपास, दुसरा त्याहून कमी. मला पटेना. मग आणखी दोघांना दाखवली, आधीचा आकडा कुणालाच न सांगता. दोघांचंही तेच. (बिलावरचे स्टेंट आणि फाइलमधले स्टिकर मात्र जुळले. स्टेंट तेवढे खरे निघाले.)

छातीत दुखणं आणि हार्ट अटॅक यांत मी गल्लत करत होतो, आणि धंदा त्या गल्लतीवरच चालतो. अटॅक आलेला असेल तर मिनिटामिनिटाला किंमत असते, तिथे स्टेंट जीव वाचवतो. तिथे दुसरं मत घेत बसू नका. पण बाबांसारखं स्थिर दुखणं वेगळं. २००७ साली २,२८७ आणि २०२० साली ५,१७९ रुग्णांवरचे दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. अशा दुखण्यात स्टेंटनं त्रास कमी होतो, पण चांगल्या औषधोपचारापेक्षा मृत्यू कमी होतात असं दिसलं नाही. डाव्या मुख्य वाहिनीतला अडथळा याला अपवाद. मध्यम अडथळ्यात तर प्रेशर वायर, म्हणजे दाब मोजणारी बारीक तार, घालून अडथळ्याच्या पुढचा रक्ताचा दाब अलीकडच्या दाबाच्या किती पट आहे ते मोजता येतं. आकडा ०.८० च्या वर आला तर सहसा स्टेंट लागत नाही. बाबांची ती तपासणी झालीच नव्हती.

असं करणारा हा एकटाच नव्हे. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये २०११ साली एका हृदयरोगतज्ज्ञाचा परवाना रद्द झाला, तो अडथळे फुगवून लिहून स्टेंट घातल्याबद्दलच.

मी मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली, सोबत सीडीची प्रत जोडली. मूळ सीडी कुणाच्या हाती देऊ नका. डॉक्टरांचं उत्तर आलं: सर्व पर्याय समजावून सांगितले, नातेवाइकांनी विचारपूर्वक संमती दिली. फॉर्मवर तसं छापलेलंच आहे, खाली माझी सही.

पण सीडीतल्या प्रत्येक चित्रावर वेळ असते. अँजिओग्राफीचं शेवटचं चित्र ११:१४ चं, वाहिनी रुंद करायला घातलेल्या फुग्याचं पहिलं ११:२३ चं. समजावणं, विचार करणं, सही, सगळं या नऊ मिनिटांत. परवा हे आकडे बाबांना दाखवले. बराच वेळ कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, "अरे, मी तर जागाच होतो. नुसता हात बधिर केला होता. मला का नाही विचारलं?"